पेवाच्या तळची हळद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आप्पांना नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. इंदूला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसले की माझी जीभ भलतीकडेच वळते. चहा टाकू का, ऊन किती वाढलंय, असलं काहीबाही बोलते आणि उठते. वर्षानुवर्षं अशीच उठत आले.

आज उठायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आधी हळदीचं सांगते. नाही — हळदीचं सांगायचं तर आमच्या गावाचं सांगावं लागेल. आमचं हरिपूर सांगलीला लागूनच. इथं जमिनीच्या पोटात पेवं आहेत. पेव म्हणजे खोल खड्डा, वर तोंड अरुंद, आत कोठीसारखा फुगत गेलेला. त्यात पाचट अंथरून हळद भरतात आणि तोंड मातीनं लिंपून टाकतात. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते, किडा लागत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही; आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर आतली हवा वाईट. आमचे आप्पा पेवांवर मुकादम होते. हमाल वर यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, फक्त डोळे तेवढे माणसाचे. पेव रिकामं झालं, की तळाशी उरलेली हळद मुकादमाची, असा रिवाज होता. ती घरी यायची. तिच्यात पाचटाचा चुरा, माती, ओल धरलेली कांडं, सगळं असायचं. पण गावात तिचा मान मोठा. जमिनीच्या पोटात इतकी वर्षं राहिलेली हळद, तिचा गुण काय विचारता! कुणाला जखम झाली, खरूज झाली, की बाया आमच्या दाराशी यायच्या — "अक्का, तळची हाय का गं चिमूटभर?"

मी द्यायचे. मला ते द्यायला आवडायचं. विसाव्या वर्षी नवरा जाऊन माहेरी परत आलेल्या बाईकडे लोकांनी मागायला यावं, असं दुसरं होतं काय?

इंदू माझी धाकटी बहीण. आई ती लहान असतानाच गेली, म्हणजे तिला वाढवलं मीच. तिची वेणी, तिचं परकर-पोलकं, तिचं लग्न. साताऱ्यात दिली तिला. मुलाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, माणूस सज्जन, बोलायला कमी. बोलायचं काम त्याच्या आईकडे होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, म्हणून सातव्या महिन्यात इंदूला आणायला आप्पा गेले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातच सांगितलं, "न्या, पण सुईण चांगली बघा. तुमच्या थोरलीनं हात लावायचा न्हाई. पांढऱ्या कपाळाची बाई बाळंतिणीच्या खोलीत — आमच्यात चालत न्हाई."

आप्पांनी मला हे सांगायला नको होतं. पण ते भोळे, त्यांनी सांगितलं.

मी मनात ठरवलं, की हे बाळंतपण असं करीन, असं करीन, की त्या बाईनं साताऱ्यात बसून माझं नाव काढलं पाहिजे. पुढचं सगळं, तुम्हाला सांगते, त्या ठरवण्यातून आलं.

ते वर्ष धामधुमीचं होतं. रेल्वेचे रूळ उखडत होते, तारा तोडत होते, पोलीस गावोगाव फिरत होते. साताऱ्याहून कुणी लवकर येईल असं नव्हतं. इंदू सुखरूप बाळंत झाली. मुलगा. सुईणीनं नाळ कापली, दोरा बांधला, आपलं धान्य-लुगडं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आंघोळीला आली तर मी तिला दारातूनच परत लावलं. "मी बघते," म्हटलं. तिला काय, तिचं काम वाचलं.

मी बघितलं. कसं बघितलं ते ऐका. तळची हळद पाट्यावर वाटली, फडक्यातून गाळली, खोबरेलात कालवली आणि त्या नाळेच्या देठाभोवती घट्ट थापली. वरून पोटपट्टी आवळून बांधली. रोज आंघोळ, रोज हळद. इतरांना चिमूटभर देत होते; माझ्या बाळाला बोटभर लावली.

देठ गळून पडला तेव्हा खाली ओलं होतं. वास येत होता. दुसऱ्या दिवशी बेंबीभोवती लाली चढली, तिसऱ्या दिवशी पू. बाळ तापलं. दूध ओढेना. पोट ढोलासारखं ताणलं आणि रडण्याचा आवाज — रडणं नव्हे ते, नुसतं कण्हणं. इंदू अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडलेली, खाली शेगडी. ती विचारायची, "अक्का, का गं असं करतोय?" मी सांगायचे, "नाळ पडताना होतंच असं. तू झोप."

तिला काय ठाऊक? तिला माझ्याशिवाय दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

सांगलीत डॉक्टर नव्हते का? होते की. टांग्यानं अर्ध्या तासाची वाट. पण डॉक्टर आणला असता तर गल्लीला कळलं असतं, गल्लीतून साताऱ्याला. "सांगितलं न्हवतं मी?" — हे वाक्य मला त्या बाईच्या आवाजात ऐकू यायचं, ती तिकडे असताना. म्हणून मी दार लावून घेतलं. मी पू दाबून काढला. गरम पोटिस बांधलं. आणि वर पुन्हा हळद लावली. तीच. कारण ती लागू पडत नाही असं होऊच शकत नव्हतं ना.

बाळ जगलं. कसं, देव जाणे. ताप उतरला, बेंबी सुकली, नुसता एक वेडावाकडा वळ राहिला.

बारसं पुढे ढकललं होतं, ते मग झालं. सासूबाई साताऱ्याहून आल्या, पाळण्याजवळ वाकल्या आणि बाळाची पिवळट कांती बघून म्हणाल्या, "अगं बया! हरिपुरात पोरं पेवात भरून ठेवतात काय गं? हे बाळ हाय का हळकुंड?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्यांनी दुपट्याला हात घातला — उघडं करून बघायचं होतं. मी मध्ये झाले. "वारं लागंल, आत्याबाई," म्हटलं आणि पाळणा हलवला. त्या मागे सरल्या. बाळाचं नाव दिनकर ठेवलं, दिनू. कुणी त्याची बेंबी बघितली नाही.

इथवर जे झालं ते अडाणीपणानं झालं, असं कुणी म्हणेल. तुम्हीही म्हणाल कदाचित, तुमचा जीव मऊ असेल तर. पण थांबा. ही अजून कबुली नव्हे. मी नुसती तिच्याभोवती फिरते आहे, बैलासारखी.

दिनू साताऱ्यात वाढला. हुशार होता, बडबड्या. भाड्यानं गेलेली सायकल लांबून येताना दिसली, की नंबर न बघता ओळखायचा. "तात्या, मोडकी घंटी आली!" म्हणून बापाला हाक मारायचा. पण अंगानं भरला नाही. हातपाय काडीसारखे आणि डाव्या कुशीत पोट पुढं आलेलं, कडक. लोक म्हणत, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. कुणी हिवतापाचं म्हणे, कुणी दृष्टीचं. पाच वर्षांचा झाला आणि एक नवीनच सुरू झालं: अधूनमधून त्याला परसाकडेला काळं व्हायचं. डांबरासारखं काळं. सासूबाईंनी ते बघितलं आणि निकाल दिला: पोरगं माती खातंय. काळी माती पोटात जाते, पोट फुगतं, काळीच बाहेर पडते. सरळ हिशेब.

मग त्याचं तोंड उघडून बघणं सुरू झालं. ओठांचा वास घेणं. मी एकदा साताऱ्याला गेले होते तेव्हा डोळ्यांनी बघितलं: परसाकडून आलेल्या त्या पोराला त्यांनी दंडाला धरून उभं केलं आणि छडीनं पोटऱ्यांवर मारलं. "खाशील? पुन्ना खाशील माती?" तो म्हणत होता, "न्हाई खाल्ली, आज्जी. आईच्यान न्हाई खाल्ली." मग त्यानं एक युक्ती काढली. काळं झालं, की तो त्यावर राख लोटून यायचा आणि कुणाला सांगायचा नाही. म्हणजे आत रक्त चाललं होतं आणि मार चुकवायला ते लेकरू ते लपवत होतं. आम्हाला कुणाला कळलं नाही. आणि इंदू? इंदू चुलीपुढे बसून होती. छडीचा आवाज आला की तिची मान खाली जायची, जणू तिलाच मारताहेत. तेव्हा मला वाटलं, सासूला भिते. तसं नव्हतं, ते पुढे येईल.

मग एका सकाळी दिनू दुकानापुढे खेळता खेळता रक्त ओकला. घोटभर नव्हे. समोरच्या माणसांनी सांगितलं, कुणी कोंबडी कापली की काय असं वाटलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. आमच्या भागातल्या एका मोठ्या इस्पितळात मुंबईहून शिकून आलेले एक तरुण सर्जन होते, त्यांच्याकडे त्याला आणलं. सासूबाई, इंदू, तिचा नवरा, मी — सगळे खोलीत. डॉक्टरांनी दिनूला निजवलं, पोट चाचपलं, बराच वेळ. त्याला विचारलं, "काय रे, शाळेत जातोस का?" तो म्हणाला, "जातो, पण मास्तर लय मारतोय." डॉक्टर हसले. मग आमच्याकडे वळून एकेक विचारू लागले. ताप थंडी वाजून येतो का? कधी कावीळ झाली होती का? घरात मुलाला कुणी दारू, ब्रँडी, अफूची गोळी देतं का? सासूबाई उसळल्या, "आवं डाक्टर, दारूला शिवत न्हाई आमच्यात कुणी!" डॉक्टर म्हणाले, विचारावं लागतं. मग पुढचा प्रश्न.

"जन्मल्यावर बेंबी पिकली होती का? पू, ताप, असं काही?"

त्यांनी इंदूकडे बघत विचारलं. आईलाच विचारणार. इंदूनं माझ्याकडे बघितलं. तिला ते दिवस अर्धवट आठवत असणार: अंधार, शेगडी, बाळाचं कण्हणं आणि माझं "होतंच असं". ती माझ्याकडे बघत होती ती खात्री करायला. सासूबाईही माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, "न्हाई. काही न्हाई झालं. नाळ अगदी कोरडी पडली."

आवाज थरथरला नाही माझा. आजही तो जसाच्या तसा ऐकू येतो — कोरडी पडली.

इंदूनं मान हलवली. अक्का म्हणते म्हणजे तसंच.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. चांगला माणूस, आमच्यासारख्यांना समजेल असं सांगत होता. आतड्यांतलं आणि पाणथरीतलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेनं काळजाकडे जातं, यकृताकडे. ती वाट कुठं अडली की रक्त मागे तुंबतं. शिरांतला दाब वाढतो, पाणथरी फुगते, आणि रक्त मिळेल त्या आडवाटेनं जायला बघतं. अन्ननळीच्या भोवती केसासारख्या बारीक शिरा असतात, त्या त्या दाबानं करंगळीएवढ्या होतात. एक दिवस फुटतात. थोडं फुटलं तर पोटात उतरून काळं होऊन खालून जातं, जास्त फुटलं तर तोंडातून येतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे माती न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो. तो काळा रंग रक्ताचा." दिनूनं लगेच आजीकडे बघितलं. "बघ आज्जी," म्हणाला.

मग डॉक्टर कारणांकडे आले. दाब का वाढतो, तर मोठ्या माणसांत दारूनं काळीज सुकून दगडासारखं होतं, म्हणून. काविळीनं होतं. मुलांत वेगळं. याचं काळीज हाताला चांगलं लागतंय. म्हणजे अडथळा काळजात नाही, त्याच्या अलीकडे शिरेत आहे. आणि मुलांमध्ये त्याचं एक मोठं कारण म्हणजे पिकलेली बेंबी. बेंबीतून काळजाकडे जाणारी एक शीर जन्मल्यावर काही दिवस उघडी असते. तिथं घाण गेली, पू झाला, की विष तिच्यातून सरळ आत चढतं आणि त्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. बेंबी बरी होते, पोर खेळू लागतं, सगळे विसरतात. आणि चार-सहा वर्षांनी ते रक्त ओकतं.

"पण ते इथं झालेलं नाही, तुम्ही सांगताय," ते म्हणाले. "म्हणजे मोठी शीर बहुतेक मोकळी असावी आणि अडथळा फक्त पाणथरीच्या शिरेत असावा. तसं असेल तर पाणथरी काढली की पोरगा बरा होईल." आणि मग त्यांनी सहज, जाता जाता, आणखी एक सांगितलं. मोठी शीरच बंद असती तर मी हात लावला नसता, म्हणाले. पाणथरी काढून दाब उतरला नसता. उलट तिच्या शिरा गेल्या की रक्ताच्या आडवाटाही गेल्या. परदेशात शिरेला शीर जोडायला लागलेत, उद्या इकडेही येईल. त्याला पाणथरीचीच शीर लागते. तसं असतं तर थांबलो असतो, रक्त गेलं की भरलं असतं, वाढू दिलं असतं. अशी पोरं मोठी होतात पुष्कळदा.

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही बोललीस? प्रश्न विचारला तेव्हा मला कुठं ठाऊक होतं की त्या उत्तरावर काय लटकलंय? बरोबर. पण आता ठाऊक झालं होतं ना? सगळं ठाऊक झालं होतं. शीर, गुठळी, आडवाटा — मी अडाणी असेन, बहिरी नव्हते. आणि शस्त्रक्रिया लगेच नव्हती. पोराच्या अंगात रक्त नव्हतं; ते भरून येईपर्यंत त्याला तिथंच ठेवलं होतं. दिवसामागून दिवस गेले. मी रोज तिथं होते. व्हरांड्यात बसून मी वाक्य जुळवायचे. "डाक्टर, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं." एवढंच. सहा-सात शब्द. ते माणसाला म्हणता येऊ नयेत?

एकदा गेले. खरंच गेले, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत. ते हात पुशीत बाहेर आले, मला बघून थांबले. "काय बाई? काही सांगायचंय?"

आणि मी विचारलं, "त्याला उकडलेलं अंडं चालंल का?"

"चालेल की," म्हणाले आणि गेले.

मी परत येऊन दिनूला अंडं सोलून भरवलं. तो पिवळं बाजूला काढून ठेवायचा, आधी पांढरं खायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते आणि मला फक्त एकच दिसत होतं: सासूबाईंचं तोंड. बाकीचं काहीच नाही. एका पोराचा जीव एका बाजूला, आणि एका बाईनं "सांगितलं न्हवतं मी?" म्हणणं दुसऱ्या बाजूला — आणि मी दुसरी बाजू जड ठरवली. दुसऱ्या कुणी असं केल्याचं ऐकलं असतं तर मी त्याच्या घरचं पाणी प्यायले नसते.

पाणथरी काढली. पोरगा वाचला. जखम भरली, चेहऱ्यावर लाली आली, पोट सपाट झालं. सगळे आनंदात. आणि साताऱ्याला निघण्याआधी सासूबाईंनी काय केलं सांगू? त्या आमच्या घरी आल्या, मला पाटावर बसवलं आणि नवंकोरं लुगडं दिलं. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अक्काबाई, मी तुमाला लय बोलले. पर माझ्या नातवाला दोनदा जलम दिला तुमी." जे ऐकण्यासाठी मी सगळं केलं होतं तेच शब्द. मी ते लुगडं घेतलं. डोक्याला लावून घेतलं.

वर्ष उलटलं नाही. साताऱ्यातच, शाळेतून आल्यावर, दप्तरही खांद्यावरच होतं म्हणे. आधीपेक्षा कितीतरी जास्त. त्याला टांग्यात घातला, पण वाटेतच गेला. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. डॉक्टरांना आप्पांनी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मोठी शीरच बंद होती. माझा अंदाज चुकला.

त्यांचा अंदाज. ते आयुष्यभर तेच धरून बसले असतील. तेही माझ्याच नावावर.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होते.

दिनूचे दिवस झाले आणि इंदूला माहेरी पाठवलं. "चार दिवस राहून ये," म्हणाले. न्यायला कुणी आलं नाही. नवरा एकदा आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला, डोळे पुसले आणि गेला. आप्पाही पुढे गेले. आम्ही दोघी राहिलो. ती सगळं करायची — पाणी, चूल, माझ्या गुडघ्यांना तेल. एक वेळ जेवायची. नवस आहे म्हणायची, कसला ते सांगायची नाही. शेजारच्या सुनेनं एकदा आपलं तान्हं कौतुकानं तिच्या पुढ्यात धरलं, "घ्या की मावशी," म्हणून. इंदूनं दोन्ही हात पाठीमागे नेले. तशीच मागे मागे सरत भिंतीला टेकली. ती सून दुखावली, पुन्हा आली नाही.

मग एका दुपारी इंदू माझ्यापुढे येऊन बसली. मी गहू निवडत होते. म्हणाली, "अक्का, एक इचारू? खरं सांगशील?"

कळलं हिला, वाटलं. आणि — विश्वास ठेवा न ठेवा — मला सुटल्यासारखं झालं. विचार बाई, म्हटलं मनात. विचार एकदाचं.

ती म्हणाली, "दिनू पोटात असताना मी माती खाल्ली होती. हितंच. पेवाचं तोंड लिंपायला आणलेली, ओली. तुज्या माघारी, पदराखाली घेऊन. लय वास यायचा गं, ऱ्हावायचं न्हाई. त्याला मारायच्या ना आत्याबाई मातीसाठी — तवा मला वाटायचं, मला मारा. मी खाल्लीय. डाक्टर म्हणाले त्यानं न्हाई खाल्ली. पर मी खाल्ली हे त्यांना कुटं ठावं होतं? अक्का, त्यानंच शीर बंद झाली असंल का गं त्याची? माज्याच मातीनं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी वेणी घालताना बघायची तशी.

एक शब्द पुरे होता. न्हाई. डॉक्टरांपुढे जो इतक्या सहज निघाला होता, तोच. माझं पाप सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं "न्हाई गं, मातीनं काही होत न्हाई" म्हटलं असतं तरी ती त्या रात्री झोपली असती, शेजारचं पोर घेतलं असतं, दोन वेळा जेवली असती. मला ठाऊक होतं कशानं झालं. सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं. पण "मातीनं नाही" म्हटलं, की ती पुढे विचारणार होती — मग कशानं?

मी सुपातले खडे वेचत राहिले. आणि म्हणाले, "झालं ते झालं, इंदू. आता कुणाला सांगत बसू नगंस."

बघा काय म्हणाले मी. तिला वाटलं, अक्कानं पदरात घेतलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "तू व्हतीस म्हणून," म्हणाली. मी तिच्या केसांतून हात फिरवला.

त्यानंतरही ती कितीतरी वर्षं माझ्याबरोबर राहिली. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी बोलू शकले असते. मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, पण शुद्धीवर होती. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "दिनू भेटला तर काय सांगू गं त्याला?"

मी तिचा हात हातात धरला होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. सासूबाई केव्हाच्या गेल्या होत्या, आप्पा गेले होते. आता मला दोष द्यायला कुणीही उरलेलं नव्हतं. भ्यायचं कुणाला होतं मी?

मी म्हटलं, "माफी माग त्याची."

तिनं मान हलवली.